सोडा फुसका, कडू किंवा जेवणाशी न जमणारा: मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कुठून तपासायचं

तक्रारी साधारण याच असतात. ग्लासात ओतला तेव्हा फसफसला, दोन घोटांनंतर नुसतं साखरेचं पाणी. लिंबू पिळलं, वरून मीठ टाकलं आणि अर्धा सोडा टेबलावर. पहिला घोट छान, तळाशी गेल्यावर कडू. मोसंबीचा सोडा सकाळी करून ठेवला, दुपारी पाहुण्यांना देववेना. पादेलोण पडलं की कुजक्या अंड्याचा वास. आणि सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार: नुसता प्यायला चांगला लागतो, पण जेवताना घेतला की एक तर तोंड भाजतं, नाहीतर सगळंच पाणचट होऊन जातं.

मी लातूर-परळी पट्ट्यात लग्नसराईत सोड्याचं काउंटर लावतो. लिंबू, जिरा, कोकम, कैरी, मोसंबी. एप्रिल-मे आला की नात्यातले, ओळखीचे, केटरिंगवाले, सगळ्यांचे फोन याच तक्रारींचे असतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: "मसाला कोणता वापरता हो?" मसाला माझ्या यादीत जवळजवळ शेवटी येतो. सोड्यात गॅस नसेल किंवा पाणीच बोअरचं जड असेल तर कोणती चव कशाशी जमते हे कळतच नाही. मग माणूस मसाल्याच्या पुड्या बदलत बसतो. म्हणून खालच्या क्रमानेच जा. आधीच्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत, आणि बहुतेकांचं काम तिथेच होतं.

बाटली दाबून बघा

दुकानातून आणलेली प्लॅस्टिकची बाटली उघडायच्या आधी मुठीत दाबा. दगडासारखी कडक लागली पाहिजे. थोडी जरी दबली तर गॅस आधीच गेलेला आहे, पुढचं काही करू नका, बदलून आणा. प्लॅस्टिकच्या भिंतीतून कार्बन डायऑक्साइड हळूहळू झिरपत असतो आणि उन्हात तो वेग वाढतो. आपल्याकडे मे महिन्यात दुकानाच्या दारात क्रेट रचून ठेवलेले असतात, परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ वर असतो, आणि तो क्रेट दिवसभर तिथेच. त्यामुळे बाटलीवरची तारीख बघा, पण त्याहून जास्त दुकानदार माल कुठे ठेवतो ते बघा. काचेच्या बाटलीतून गॅस झिरपत नाही, तिथे प्रश्न फक्त झाकणाचा.

मोठी बाटली आणून दोन दिवस पुरवायची सवय असेल तर ती सोडा. २ लिटरची स्वस्त पडते हे खरं, पण दुसऱ्या दिवशी तिचं पाणी होतं. उरलेल्या बाटलीतली हवा दाबून काढायची आणि मग झाकण लावायचं, हा उपाय मी लग्नघरात हमखास बघतो. त्याने उलट होतं. पिचकलेली बाटली परत फुगायला बघते आणि ती रिकामी जागा भरायला गॅस सोड्यातूनच बाहेर येतो. उरलाच तर लहान बाटलीत काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

गोटी सोडा वापरत असाल तर बाटली तिरकी करून तोंडाशी बघा. गोटीच्या कडेने ओल आली किंवा बारीक बुडबुडे फुटताना दिसले तर आतली रबराची रिंग झिजली आहे. हायरम कॉड या इंग्रज माणसाने १८७२ मध्ये या बाटलीचं पेटंट घेतलं, तेव्हापासून युक्ती तीच आहे: आतल्या गॅसनेच गोटी रिंगवर दाबून धरायची. रिंग गेली की संपलं. काचेला तडा दिसला तर ती बाटली हातात धरू नका, बाजूला काढा.

थंड म्हणजे किती थंड

निम्म्या तक्रारी इथे मिटतात.

साध्या हवेच्या दाबाला १ लिटर पाण्यात ० अंशाला सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो. १० अंशाला सुमारे १.२ लिटर, २० अंशाला ०.९ च्या आत आणि ४० अंशाला जेमतेम अर्धा लिटर. बाटलीत यापेक्षा किती तरी जास्त गॅस दाबाने कोंबलेला असतो. झाकण उघडलं की तो सुटायला बघतो, आणि पाणी जितकं कोमट तितका तो घाईने सुटतो. आपल्या घरात दुपारी माठाबाहेर ठेवलेलं पाणी ३२-३३ अंशाला असतं. त्यात बर्फ टाकून "थंड केला" म्हणणं वेगळं आणि सोडाच फ्रिजमधून ४-५ अंशाला काढणं वेगळं. पहिल्या प्रकारात बर्फ वितळेपर्यंत गॅस निघून गेलेला असतो, वर पाणी वाढतं ते वेगळंच.

तेव्हा सोडा, लिंबाचा रस, पाक, तिन्ही आधीच गार करा. ग्लाससुद्धा. उन्हातल्या मांडवात ट्रेवर पालथे घातलेले ग्लास हाताला गरम लागतात. त्यात सोडा ओतला की कडेने बुडबुड्यांचा लोट उठतो आणि लोक खूश होतात. तो लोट म्हणजे निघून चाललेला गॅस आहे. वेळ नसेल तर ग्लास बर्फाच्या पाण्यात बुडवून काढा, तेवढ्यानेही फरक पडतो.

बर्फ फोडलेला नको. बारीक चुऱ्याला शेकडो टोकं असतात, प्रत्येक टोकाशी बुडबुडा धरतो. मोठे खडे घ्या आणि ते गार पाण्याने एकदा धुवा, म्हणजे वरची खरखरीत साय जाते. कारखान्यातून लादी आणत असाल तर तो खाण्याचा बर्फ आहे ना, हे आधी विचारा. निळसर रंग दिलेला बर्फ मासळी-भाजी गार ठेवायला असतो, ग्लासात टाकायला नाही.

ग्लास आणि क्रम

ग्लास तेलकट असेल किंवा साबण नीट निघाला नसेल तर फेस विचित्र येतो आणि चवीला साबणाची झाक राहते. लग्नाच्या भांड्यांत हे फार. स्टीलच्या ग्लासाला कांद्याचा वास राहतो, सोडा तो वास थेट नाकाशी आणतो. तांब्या-पितळेच्या भांड्यात लिंबू सोडा किंवा कोकम सोडा कधीच देऊ नका. दिसायला छान दिसतं, पण आंबटात तांबं उतरतं आणि पोट बिघडतं. कल्हई शाबूत आहे की नाही, हे मांडवात कोण बघत बसणार?

आता क्रम. सोडा उतू जातो तो बहुतेक वेळा या एकाच कारणाने: भरलेल्या ग्लासात वरून मीठ किंवा जलजिऱ्याचा मसाला टाकला जातो. कोरड्या कणांच्या खाचांत अडकलेल्या हवेभोवती गॅस जमा होतो आणि एकदम फेस फुटतो. अंबाजोगाईच्या एका लग्नात आचारी मामा मोठ्या जगमधल्या सोड्यात चमच्याने पादेलोण घालत होते. प्रत्येक चमच्याला फेस वर आला की बाजूला उभी असलेली पोरं ओरडायची आणि मामांना वाटायचं, चव उतरतेय. वाढायला घेतला तेव्हा त्या जगमध्ये खारट लिंबूपाणी उरलं होतं.

क्रम असा ठेवा. ग्लासाच्या तळाशी लिंबाचा रस, पाक आणि मीठ. मीठ तिथेच पूर्ण विरघळू द्या. मग बर्फ. मग ग्लास तिरका धरून कडेने सोडा. शेवटी लांब चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचला, गरागरा ढवळू नका. २५० मिलिलिटरच्या ग्लासाला माझं माप असं आहे: रस साधारण १५ मिलिलिटर, म्हणजे अर्धं मोठं किंवा एक लहान लिंबू, तेवढाच पाक, दोन चिमट्या मीठ, बाकी सोडा. साखर कोरडी टाकायची नाही, पाक करूनच. थंड पाण्यात ती लवकर विरघळत नाही आणि फेस मात्र काढते. गार पदार्थात गोडी कमी जाणवते, म्हणून पाकाची चव कोमट असताना बघून माप ठरवू नका, गार ग्लासातच बघा.

कडूपणा कुठून येतो

लिंबू पिळायच्या चिमट्यात शेवटचा थेंब काढायच्या नादात साल चेपलं जातं. सालातलं तेल आणि आतल्या पांढऱ्या पापुद्र्याचा कडूपणा रसात उतरतो. साध्या सरबतात तो साखरेखाली दबतो, सोड्यात उठून दिसतो. हलक्या हाताने पिळा, लिंबू जास्त लागलं तर लागू द्या. बिया लगेच गाळा.

मोसंबीचं प्रकरण वेगळं आहे. रस काढला तेव्हा गोड असतो आणि ठेवला की कडू होतो, तो खराब झाला म्हणून नाही. पापुद्र्यात आणि बियांत एक कडू नसलेला घटक असतो. रसातल्या आंबटपणामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन बनतं आणि लिमोनिन कडू असतं. फ्रिजमध्ये ठेवल्याने ही क्रिया मंदावते, थांबत नाही. त्यामुळे मोसंबी सोडा आगाऊ करून ठेवायचा पदार्थच नाही. पाहुणे बसले की रस काढा, गाळा, अर्ध्या तासात द्या. मोसंबीत आंबटपणा कमी असतो, म्हणून ६० मिलिलिटर रसाला लिंबाचे चार-पाच थेंब टाका, नाहीतर सोड्यात ती हरवते.

अंड्याच्या वासाचं कारण पादेलोण. त्यात गंधकाची संयुगं असतात. आंबट लागलं की त्यातून वासाचा वायू सुटतो आणि बुडबुडे तो वर आणतात. चिमूटभर चव आणतं, त्यावर गेलं की वास येतो. निम्मं साधं मीठ किंवा सैंधव घ्या.

एक प्रकार मात्र कशानेच सुधारत नाही: सोडा संपला म्हणून लिंबूपाण्यात खायचा सोडा टाकणं. बुडबुडे येतात, पण ते लिंबाच्या आंबटाचा बळी देऊन. मागे राहतं ते खारट, साबणासारखं पाणी. टाकून द्या, नव्याने करा.

पाणी: घरी मशीनवर सोडा करत असाल तर इथे थांबा

विकतचा सोडा वापरणाऱ्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल. घरच्या मशीनवर सोडा करणाऱ्यांची मराठवाड्यातली खरी अडचण मात्र हीच.

आपली जमीन बेसॉल्टची, काळ्या कातळाची. बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड. हीटरच्या कॉइलवर, कुकरच्या तळाशी पांढरा थर बसत असेल तर तुमचं पाणी त्यातलंच. या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. सोडा झोंबतो तो विरघळलेल्या गॅसमुळे पाणी आंबट होतं म्हणून. बायकार्बोनेट तो आंबटपणा मारतं, आणि वर लिंबू पिळलं की लिंबाचाही काही भाग मारतं. म्हणून गॅस भरपूर असूनही सोडा बोथट लागतो. लोक आणखी लिंबू पिळतात, मग आणखी पाक, आणि ग्लास जड होत जातो.

तपासणी अगदी सोपी आहे. एका ग्लासात घरचं पाणी, दुसऱ्यात २० लिटरच्या जारचं किंवा आरओचं पाणी. दोन्ही रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी दोन्हीचा सारखाच गॅस भरून सोडा करा, काही न घालता एकेक घोट घ्या, मग दोन्हींत तेवढंच लिंबू पिळून परत बघा. आमच्या दाजींना पाणी हे कारण पटतच नव्हतं. दुसऱ्या ग्लासाचा घोट घेतल्यावर "हाव, हा टोचतो" एवढंच म्हणाले आणि जारवाल्याचा नंबर मागितला.

जार परवडत नसेल तर पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा, गार होऊन खाली बसू द्या आणि वरचं पाणी काढून गाळा. उकळल्याने बायकार्बोनेटचा मोठा भाग पांढरा गाळ होऊन तळाशी बसतो. सगळा जडपणा जात नाही, पण सोड्यापुरता फरक पडतो.

इथे एक हद्द आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहेत आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटची मर्यादा ४५, फ्लोराइडची १, नाइलाज असेल तर १.५. नायट्रेट आणि फ्लोराइड चवीला कळत नाहीत आणि उकळून जात नाहीत, उलट पाणी आटलं की थोडे दाटच होतात. बोअर नवा असेल, शेतालगत असेल किंवा गावात दातांवर पिवळे-तपकिरी डाग असलेली माणसं दिसत असतील तर चवीची गोष्ट बाजूला ठेवा. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते, तिथे नमुना द्या.

मशीनमध्ये फक्त पाणी घालून गॅस भरा. रस, पाक, मसाला घातलेलं काही नाही. फेस नळीत चढतो, साखर आत सुकते, आणि नंतर नळी चोंदते. बाटलीवरच्या खुणेच्या वर पाणी नको, एका दमात बटण दाबून धरू नका, थांबून-थांबून तीनदा दाबा.

आता जेवण

इथवर सगळं ठीक आणि तरी जेवताना जमत नाही, तर मग जोडी चुकतेय.

एक गोष्ट आधी समजून घ्या. सोड्याचा चटका म्हणजे नुसते बुडबुडे फुटणं नाही. जिभेवरच्या आंबट ओळखणाऱ्या पेशींवर एक एन्झाइम असतं, ते गॅसचं आम्लात रूपांतर करतं. हे २००९ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलं. शिवाय मोहरीचा झणका ज्या मज्जातंतूंना कळतो, त्यांनाही हा गॅस टोचतो. म्हणजे तिखट जेवणावर सोडा घेतला की एका आगीवर दुसरी टोचणी. थंडीने क्षणभर बरं वाटतं, मग दुप्पट भाजतं.

म्हणून ठेचा-भाकरीबरोबर सोडा देऊच नका. कोणताही नाही. तिथे ताकच. ताकातलं प्रथिन मिरचीच्या तिखटाला धरून जिभेवरून उचलतं, ते काम सोड्याला जमत नाही. हे मी सोडा विकणारा माणूस सांगतोय.

तळणाचं उलट. मिरची भजी, कांदा भजी, वडे: यांच्यासारखी सोड्याला जोडी नाही. तोंडात तेलाचा थर असतो, आंबट आणि गॅस दोन्ही तो कापतात. पण साखर नको. लिंबू, मीठ, गार सोडा. भज्यांबरोबर गोड सोडा दिला की तेल आणि साखर दोन्ही तोंडात बसतात आणि तिसऱ्या भज्याला माणूस थांबतो. केटरिंगवाल्यांना हे फायद्याचं वाटत असेल तर ती वेगळी गोष्ट.

काळ्या मसाल्याचा रस्सा, येसर आमटी: यात जिरं, धने, दगडफूल भाजून घातलेलं असतं. जिरा सोडा इथे चालतो, कारण भाजलेल्या जिऱ्याचा वास ताटातल्या वासाशी जुळतो. पण मीठ निम्मं करा, आमटीत ते आहेच, आणि आलं पूर्ण काढा. आल्याचा तिखटपणा आणि गॅसची टोचणी मिळून रश्श्यावर कुरघोडी करतात. जिऱ्याची पूड थेट सोड्यात टाकू नका, फेस येतो आणि तळाशी रेती बसते. जिरं भाजून, भरडून, गरम पाण्यात अर्धा तास ठेवा, फडक्याने गाळा, ते पाणी गार करून वापरा.

संभाजीनगरचं नान-खलिया, किंवा नांदेडकडची बिर्याणी, म्हणजे तूप-तेल आणि मटणाची चरबी. इथे मी कोकम देतो. कोकम आपल्याकडचं नाही, कोकणातून येतं, पण आगळ, म्हणजे कोकमाचा दाट खारा रस, आता सगळीकडे मिळतं. आगळात मीठ आधीच असतं हे लोक विसरतात आणि वरून परत घालतात. ग्लासाला १०-१५ मिलिलिटर आगळ, थोडा पाक, मीठ शून्य. घोट घासाच्या मध्ये घ्यायचा, तोंडात रस्सा असताना नाही.

धपाटे आणि दही असेल तर आंबटाचा कोटा दह्यानेच भरलेला असतो. लिंबू सोडा तिथे जिभेला चिरतो. वाळ्याचा पाक चमचाभर आणि सोडा, किंवा ताजी मोसंबी. सुशील्यावर, म्हणजे फोडणी दिलेल्या भिजवलेल्या चुरमुऱ्यांवर, लिंबू पिळलेलंच असतं, तिथे साधा सोडा पुरे. हुरडा म्हटला की थंडीचे दिवस, आणि कोवळ्या ज्वारीची गोडी इतकी नाजूक असते की तिच्यावर कोणताही स्वाद चढवला तरी ती जाते. शेतावर सोडा न्यायचाच असेल तर नुसता न्या.

पुरणपोळीच्या जेवणात गोड सोडा आंबट लागतो. जीभ पुरणाने गोडाला सरावलेली असते, मग पाकातली गोडी कळत नाही आणि फक्त आंबट उरतं. लोक म्हणतात लिंबू जास्त झालं. लिंबू नाही, जागा चुकली. पुरणाबरोबर कटाची आमटी आहे, तिला तिचं काम करू द्या. सोडा जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने, खारा.

कैरी सोडा चांगला होतो, पण पन्ह्यात नेहमीएवढं पाणी घालून नंतर सोडा मिसळला तर दोन्ही पातळ. गर, गूळ, वेलची दाट ठेवा, सोडा हेच त्याचं पाणी समजा. गर कापडातून गाळलेला हवा.

काय करू नये तेही सांगतो. जालन्याच्या मोसंबीला आणि बीडच्या सीताफळाला, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, पण सोड्यात मोसंबीच चालते. सीताफळ म्हटलं की लोक दूध-मलई घालतात, आणि दुधाची आम्लता वाढून सामू (पीएच) ४.६ च्या आसपास आला की प्रथिन फाटतं. सोडा आणि वर लिंबू, म्हणजे ग्लासात गुठळ्या. केशर आंब्याचा रसही सोड्यात घालू नका. दाट गर फेस धरून ठेवतो, अर्धा ग्लास फेस आणि खाली चिकट रस. आंबा वाटीतच बरा.

घरात एकालाच फुसका लागत असेल तर

बाकी सगळ्यांना नीट लागतो आणि घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसालाच सोडा बेचव किंवा विचित्र लागतो, असं असेल तर त्यांच्या गोळ्या बघा. काचबिंदूसाठी किंवा उंच डोंगरावर जाताना अॅसिटाझोलामाइड देतात. ती गोळी वर सांगितलेलं जिभेवरचं एन्झाइमच रोखते, त्यामुळे सोड्याची टोचणी कळत नाही. सोड्यात दोष नाही. गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांच्या कानावर घाला.

पित्ताचा जुना त्रास, किडनीचा आजार किंवा रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलेलं असेल तर खारा सोडा किती चालेल, हे डॉक्टरांनी सांगायचं. काउंटरवाल्याने नाही. आणि उन्हात काम करून आलेला माणूस चक्कर येऊन बसला तर लिंबू सोडा हा उपचार नाही. सावलीत घ्या, शुद्धीवर असेल तर ओआरएस द्या. अंग तापलेलं असून बोलण्यात गोंधळ असेल तर १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी मारा, वारा घाला.

इथून पुढे हात लावायचा नाही

घरच्या मशीनची बाटली ठरावीक मुदतीची असते, तारीख तिच्यावरच छापलेली असते. मुदत संपली, ओरखडे पडले किंवा गरम पाण्याने धुऊन वाकडी झाली तर टाकून द्या. नोझल चोंदलं तर कोमट पाण्याने पुसण्यापर्यंत ठीक. वॉशर बदलूनही शिट्टीसारखा आवाज येत राहिला तर मशीन दुरुस्तीला द्या, आतला व्हॉल्व्ह स्वतः उघडू नका.

सिलिंडरच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमध्ये २५ अंशालाच ६० बारच्या वर दाब असतो. ३१ अंशांच्या पुढे आतला द्रव द्रव राहत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. आपल्या दुपारी, पत्र्याच्या टपरीत किंवा टेम्पोच्या मागे उन्हात ठेवलेला सिलिंडर म्हणजे काय, ते यावरून समजा. सावलीत, उभा, साखळीने बांधलेला. सिलिंडरवर चाचणीची तारीख कोरलेली असते, या गॅससाठी ती चाचणी दर ५ वर्षांनी होते, जुनी असेल तर एजन्सीला परत करा. वेल्डिंगवाल्याकडून किंवा आग विझवायच्या नळकांड्यातून स्वस्तात गॅस भरून देणारे भेटतात. तो गॅस खाण्यापिण्याच्या प्रतीचा नसतो, त्यात तेल किंवा आणखी काय असेल सांगता येत नाही.

रेग्युलेटरवर बर्फ जमत असेल, काटा आपोआप वर चढत असेल, साबणाच्या पाण्याचा फुगा जोडावर फुटत असेल, तर स्पॅनर खाली ठेवा. हा गॅस हवेपेक्षा दीडपट जड आहे, वास नाही, रंग नाही, बंद खोलीत खाली साठतो. तळघरात किंवा बंद स्टोअरमध्ये काउंटरची तयारी करताना डोकं जड झालं, धाप लागली तर तो उकाडा समजून बसू नका. सहज हाताशी असेल तरच व्हॉल्व्ह बंद करा, दारं उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि मग एजन्सीच्या माणसाला बोलवा. तो येईपर्यंत पाहुण्यांना ताक द्या.